समुद्रावरचे ऊन आणि अंगावरचे वस्त्र

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मिरकरवाड्याच्या बंदरापासून भाट्याच्या वाळूपर्यंत, जो कोणी एप्रिल महिन्यातील एखादी दुपार डोळे उघडे ठेवून घालवील, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. ती ही की, ज्यांचे पोट समुद्रावर चालते ते अंग झाकून समुद्रावर जातात आणि ज्यांची केवळ हौस समुद्रावर भागते ते अंग उघडे टाकून त्यात उतरतात. होडीवरचा तांडेल आणि त्याचे खलाशी मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घालून, डोक्याला पंचा गुंडाळून किंवा टोपीखाली मानेवर फडके सोडून कामाला लागलेले असतात. उलट घाटावरून आलेला पाहुणा गाडीतून उतरल्याबरोबर सदरा आणि बनियन गाडीतच भिरकावतो, दोन-तीन तास लाटांत यथेच्छ डुंबतो, आणि रात्री खांद्याला चादरीचाही स्पर्श सोसवेनासा झाला म्हणजे दह्याचा लेप लावून घेत पालथा पडून राहतो. या दोघांपैकी शहाणा कोण, याचा निवाडा करण्यास कोणत्याही शास्त्राची गरज नाही. परंतु तांडेलाचे शहाणपण अनुभवाने आलेले असल्यामुळे त्याची कारणमीमांसा त्याने कधी कोणास सांगितलेली नाही, आणि पाहुण्याला ती विचारावी असे कधी वाटलेले नाही; ती कारणमीमांसा सांगावी आणि तिच्या आधारे जलक्रीडेसाठी वस्त्र कसे निवडावे याचे दिग्दर्शन करावे, एवढाच या पुस्तिकेचा हेतू आहे.

हा विषय आजच हाती घेण्याचे निमित्त उघड आहे. एका पिढीपूर्वी कोकणच्या समुद्रात हौसेने उतरणारा मनुष्य गुडघाभर पाण्यात उभा राहून पाय ओले करून परत येत असे. आता गणपतीपुळ्याला यांत्रिक नौका आणि जलस्कूटर धावतात, खाड्यांतून कयाक वल्हवली जाते, आणि खाली मालवण, देवबाग, तारकर्लीकडे (हा मुलूख १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असे) माणसे पाठीवर हवेची नळकांडी बांधून प्रवाळ पाहण्यास तळाशी जातात. पाण्यावर राहण्याचा वेळ घटकेवरून प्रहरावर गेला. पोशाख मात्र घटकेपुरता होता तोच राहिला.

प्रथम आपल्या उन्हाची ओळख करून घेणे इष्ट आहे, कारण थंड देशांतील पुस्तकांत दिलेले ठोकताळे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. रत्नागिरी शहर सुमारे सतरा उत्तर अक्षांशावर वसलेले असल्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या आठ-नऊ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी, सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. यांपैकी दुसरा प्रसंग ऐन पावसाळ्यात ढगांआड निघून जातो. पहिला मात्र शाळांच्या सुट्या, आंब्याचा हंगाम आणि पर्यटकांची झुंबड यांच्या नेमका मध्यावर येतो. त्यातही माध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा ही समजूत येथे चालत नाही. आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेप्रमाणे चालतात आणि रत्नागिरी त्याच्या नऊ अंशांहून अधिक पश्चिमेस आहे. सबब सूर्य येथे मध्यावर येतो तो ऋतुमानाप्रमाणे बारा वाजून वीस मिनिटांपासून जवळजवळ बारा पन्नासपर्यंत केव्हा तरी. जो मनुष्य ‘बारा वाजून गेले, आता ऊन उतरणार’ अशा हिशेबाने एक वाजता पाण्यात शिरतो, तो वस्तुतः मध्यान्हाच्या ऐन तडाख्यात सापडतो.

ऊन किती प्रखर आहे हे ओळखण्याची एक सोपी रीत सर्वत्र सांगितली जाते: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र समजावेत. ही रीत रत्नागिरीला लावून पाहिली असता जे उत्तर येते ते विचार करावयास लावणारे आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशीसुद्धा, येथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेएकोणपन्नास अंश वर असतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या सहासातांश भरते. याचा अर्थ असा की, दुपारच्या वेळी ज्याला निरुपद्रवी म्हणता येईल असे ऊन या किनाऱ्यावर वर्षातील एकाही निरभ्र दिवशी पडत नाही. नाताळच्या सुट्टीत हवा आल्हाददायक असते म्हणून वस्त्राची हयगय करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हवा आणि ऊन यांची ही गल्लत हेच बहुतेक दुखण्यांचे मूळ होय. त्वचेला जे ऊन म्हणून जाणवते ती उष्णता. आणि जे त्वचेला भाजते ते अतिनील किरण, ज्यांची तरंगलांबी चारशे नॅनोमीटरहून कमी असते आणि ज्यांची डोळ्यांस वा कातडीस त्या क्षणी काहीही वार्ता लागत नाही. दुपारी समुद्रावरून खारे वारे वाहू लागले की अंग गार पडते, ओले केस कपाळावर चिकटून सुखद शिरशिरी येते, आणि उष्णतेची जी सूचना मनुष्याला सावलीत पिटाळण्यासाठी निसर्गाने ठेवलेली आहे तीच नेमकी बंद पडते. किरणांचे काम मात्र अव्याहत चालू राहते, आणि त्याचा निकाल काही तासांनी, बहुधा दुसऱ्या दिवशी, जाहीर होतो. त्यात ते केवळ सूर्याकडूनच येतात असेही नाही. निळ्या आकाशातून ते सर्व बाजूंनी विखरून खाली येतात, त्यामुळे छत्रीखाली बसलेल्यालाही त्यांचा बराच वाटा मिळतो. कोरडी वाळू त्यांतील सुमारे पंधरा टक्के आणि लाटांचा फेस सुमारे पंचवीस टक्के परत फेकतो. विरळ ढगांतून त्यांचा बहुतांश भाग पार होतो. ‘पाण्यात आहोत, म्हणजे उन्हात नाही’ ही समजूतही जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या एका आकड्यापुढे टिकत नाही: अर्धा मीटर खोलीवरसुद्धा हे किरण पृष्ठभागाच्या चाळीस टक्के इतके प्रखर असतात.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. आपण सावळ्या वर्णाची माणसे. त्वचेतील रंगद्रव्य आपले रक्षण करते. त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे फार थोडा. मग हा सारा खटाटोप कशासाठी? उत्तर असे की, रंगद्रव्य हे अंशतः संरक्षण आहे, अभयपत्र नव्हे. सावळी त्वचाही भाजते, सोलवटते. गालांवरचा वांग उन्हाने वाढतो. आणि डोळ्यांचे तर रंगद्रव्याने काहीच भागत नाही. बुबुळावर नाकाकडच्या कोपऱ्यातून चढत जाणारी मांसाची वाढ, जिचे वर्णन सुश्रुतसंहितेत ‘अर्म’ या नावाने येते, ती उन्हात आणि पाण्यावर आयुष्य काढणाऱ्यांच्या डोळ्यांत विशेष आढळते. म्हणूनच या पुस्तिकेत टोपीच्या काठाला सदऱ्याच्या बाहीइतकेच महत्त्व दिले आहे.

उन्हापासून वस्त्राने रक्षण करावे ही कल्पना आधुनिक नाही, परंतु तिचा इतिहास मोठा विनोदी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी उष्ण कटिबंधात राज्य करणाऱ्या गोऱ्या अंमलदारांना सूर्यकिरणांचे इतके भय वाटत असे की, डोक्यावर भेंडाची सोला टोपी घालूनही त्यांचे समाधान होईना, म्हणून पाठीच्या कण्यावरही ते जाड पट्टी बांधीत. १९०७ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर लुईस सॅम्बन यांनी बाहेरून भुरकट आणि आतून तांबूस धाग्यांचे ‘सोलारो’ नावाचे कापड काढले. आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या लष्कराने फिलिपीन्समधील शेकडो सैनिकांना नारिंगी-तांबड्या रंगाचे अंतर्वस्त्र घालावयास लावून त्याचा गुण पाहिला. गुण काही आला नाही. उलट ते कपडे अधिकच उष्ण ठरले. बिचाऱ्या शिपायांनी त्या हुकुमाबद्दल आपसांत काय उद्गार काढले असतील, याची नोंद शास्त्रीय नियतकालिकांत सापडत नाही.

खरी प्रगती झाली ती ऑस्ट्रेलियात, जेथे गोऱ्या कातडीच्या लोकांची वस्ती उष्ण उन्हात जाऊन पडल्यामुळे त्वचेच्या कर्करोगाने कहर मांडला होता. १९८१ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातील कर्करोग-निवारक संस्थेने जी लोकशिक्षणाची मोहीम काढली तिच्या घोषवाक्यात तीन आज्ञा होत्या आणि त्यांचा क्रम मननीय आहे: आधी सदरा चढवा, मग मलम चोपडा, मग टोपी घाला. आपल्याकडे जाहिरातींच्या कृपेने मलमाला पहिले स्थान मिळाले आणि सदरा विस्मृतीत गेला. पुढे १९९६ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून कापडाच्या किरणरोधक शक्तीचे जगातील पहिले मानक ठरविले. आज कपड्याच्या चिठ्ठीवर ‘यूपीएफ’ या अक्षरांपुढे जो अंक छापलेला दिसतो तो तेथून आला. त्याचा अर्थ सरळ आहे: अंक पन्नास असेल तर अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे शेकडा दोन, आरपार जातो, पंधरा असेल तर पंधरावा. २०१७ मध्ये या मानकात सुधारणा होऊन अशी अट घालण्यात आली की, चिठ्ठी लावावयाची असेल तर कपड्याने शरीराचा किमान ठरावीक भाग झाकलाही पाहिजे. कारण कापड कितीही उत्तम असले तरी जेथे ते नाही तेथे त्याचा उपयोग शून्य, ही गोष्ट काही कारखानदारांना कायद्याने सांगावी लागली.

आता कापडाकडे वळू, कारण या पुस्तिकेचे हृदय तेथे आहे. कापड किरणांना कसे अडविते, याचे पहिले आणि सर्वांत प्रबळ कारण म्हणजे वीण. धाग्याधाग्यांत जे छिद्र राहते त्यातून किरण बिनदिक्कत आत येतो. म्हणून उन्हाळ्यात अंगाला सुखकर वाटणारी मलमल आणि वायल या कामी निरुपयोगी, आणि घट्ट विणीचे जाडेभरडे कापड उपयोगी. दुसरे कारण रंग. गडद रंग हे किरण अधिक शोषतो, फिका कमी. पांढऱ्या सदऱ्याने ऊन परतते ही समजूत उष्णतेपुरती खरी असली तरी किरणांपुरती फसवी आहे. तिसरे कारण धाग्याची जात. पॉलिएस्टरच्या रेणूतच अशी वलये असतात की जी अतिनील किरणांतील अधिक दाहक भाग शोषून घेतात. शुभ्र धुवट सुती कापडात हा गुण जवळजवळ नसतो. कोऱ्या, न धुतलेल्या मांजरपाटात मात्र कापसाच्या नैसर्गिक द्रव्यांमुळे तो काही प्रमाणात शिल्लक असतो. स्वदेशीच्या अभिमान्यांना हे वाचून थोडे दुःख आणि थोडा दिलासा, दोन्ही एकदम व्हावे.

परंतु वीण, रंग आणि जात या तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण झालेले कापड पाण्याच्या चौथ्या परीक्षेत नापास होऊ शकते, आणि जलक्रीडेच्या वस्त्राचा सारा प्रश्न येथेच इतर वस्त्रांच्या प्रश्नाहून वेगळा पडतो. कोरड्या सुती कापडातील तंतूंच्या पोकळ्यांत हवा असते. प्रकाश त्या तंतूंवर आपटून इतस्ततः विखुरतो, आणि म्हणून कापड पांढरे व अपारदर्शक दिसते. ते भिजले की हवेची जागा पाणी घेते, विखुरणे कमी होते, आणि प्रकाश सरळ आत जाऊ लागतो. भिजलेला पांढरा सदरा अंगाला चिकटला असता आतली कातडी दिसते, हे कोणी पाहिलेले नाही? जे डोळ्याला दिसते तेच अतिनील किरणांच्या बाबतीतही घडते. साध्या पांढऱ्या सुती टी-शर्टचा अंक कोरडेपणी साधारणतः पाच ते नऊ भरतो आणि ओला झाल्यावर तो तीनच्या आसपास येतो. म्हणजे एकतृतीयांश किरण बेलाशक आत, आणि घालणारा समजतो आपण सुरक्षित आहोत. शिवाय ताण ही बाबही आहे. लवचिक धागा १९५८ मध्ये अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधून काढल्यापासून पोहण्याचे कपडे अंगासरशी बसू लागले हे खरे. पण एक माप लहान घेतलेला कपडा खांद्यावर आणि पाठीवर ताणला जातो, त्याच्या विणीची छिद्रे रुंदावतात, आणि चिठ्ठीवरचा पन्नास हा अंक नेमक्या त्या जागी लटका पडतो जेथे ऊन सर्वांत सरळ पडते. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, चिठ्ठीवरील अंकापेक्षा ‘ओला असता आणि ताणला असता काय?’ या प्रश्नाला वस्त्रनिवडीत अधिक मान द्यावा.

या सिद्धांताचे उत्तम प्रात्यक्षिक पाहावयाचे असेल तर दुकानात जाण्याचे कारण नाही. थिबा राजवाड्याच्या बाजूच्या टेकडीवरून जेथे काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते, तेथून खाली उतरून ओहोटीच्या वेळी भाट्याच्या खाडीकाठी उभे राहावे. पाणी हटले की मुळे आणि तिसऱ्या गोळा करणाऱ्या बायका कमरेइतक्या पाण्यात वाकलेल्या दिसतात. गुडघ्यावर खोचलेले लुगडे किंवा साडी. तिच्यावर घरातल्या पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. डोक्यावरून घेतलेला पंचा हनुवटीखाली गाठ मारून बांधलेला. आणि कमरेला दोरीने अडकविलेले पातेले मागे मागे तरंगत येत असलेले. त्या सदऱ्याचे कापड चिमटीत धरून पाहिले तर ते बहुधा टेरिकॉट निघते: पॉलिएस्टरमिश्रित, घट्ट विणीचे, पिंगट वा निळसर रंगाचे, ओले झाले तरी अंग न दाखविणारे आणि वाऱ्यावर चटकन वाळणारे. तो सैल असल्यामुळे ताणाचा प्रश्नच उद्भवत नाही. बाही मनगट ओलांडून तळहाताच्या पाठीवर येते. कॉलर उभी केली की मान झाकते. मानक ठरविणाऱ्या तज्ज्ञांनी कागदावर मांडलेले बहुतेक सर्व गुण त्या जुनेऱ्यात एकवटलेले आहेत, आणि त्याची किंमत काहीच नाही, कारण तो कपाटातून बाद झालेला आहे.

अर्थात क्रीडेसाठी तो सदरा जसाच्या तसा पुरेसा नाही. वाकून संथ पाण्यात काम करणारी स्त्री आणि फळीवर पालथे पडून लाटेबरोबर धावणारा तरुण यांच्या गरजा भिन्न आहेत. सैल वस्त्र लाटेत फुगते, वर सरकते, बोजड होते. म्हणून पोहणाऱ्याला आणि तरंगफळीवाल्याला अंगासरशी बसणारा, पूर्ण बाह्यांचा, ‘रॅश गार्ड’ या नावाने मिळणारा सदराच योग्य. मूळचा तो फळीवरील मेण आणि वाळू यांनी छाती सोलवटू नये म्हणून निघाला. उन्हाचे रक्षण हा त्याचा पुढे ओळखला गेलेला गुण. तरंगजाकिटाच्या खाली तो घातला की काखेत आणि मानेला जाकिटाचा काच लागत नाही, हा तिसरा लाभ. कयाक वल्हविणाऱ्याचा धोका वेगळाच: तो बसलेला असतो, म्हणून त्याच्या मांड्या, नडग्या आणि वल्ह्यावर घट्ट मिटलेल्या मुठींच्या पाठी तासन्‌तास आकाशाकडे राहतात, आणि त्यासाठी पोटरीपर्यंतची विजार आणि अंगठ्यात अडकविता येणारी लांब बाही हवी. मुखवटा आणि नळी लावून पाण्यावर पालथे तरंगत खालचे मासे पाहणाऱ्याची पाठ, मान आणि गुडघ्यांमागच्या लवणी करपतात. त्याला कळत मात्र नाही, कारण त्याचे सारे लक्ष खाली. रबरी पाणबुडी पोशाख चढविलेल्याला उन्हाची चिंता नको; त्याने केवळ होडीवर वाट पाहण्याच्या वेळेपुरते डोके झाकावे. रंगाविषयी एक व्यावहारिक सूचना येथेच करून ठेवतो: निळा आणि हिरवट रंग समुद्रात दिसेनासा होतो, म्हणून गडद लाल किंवा भडक नारिंगी पसंत करावा; किरणही अडतील आणि बुडणारा दिसेलही.

आपल्या लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, पोशाखाविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. आपल्याकडे संकोचामुळे स्त्रिया साडी किंवा सलवार-कमीज नेसूनच पाण्यात उतरतात, आणि उन्हाच्या दृष्टीने अंग झाकले जाते हे बरेच. पण पाच-सहा वारी भिजलेले कापड पायांत गुरफटते आणि लाटेच्या ओढीत उभे राहणे मुश्कील होते, तर ओढणी यंत्राच्या नौकेवर गळ्याचा फास होऊ शकते. पुरुषांची जीन अंगापेक्षा जड होते. लज्जारक्षण आणि जीवरक्षण यांत विरोध असण्याचे काही कारण नाही. २००४ मध्ये सिडनीच्या आहेदा झनेट्टी यांनी मुसलमान स्त्रियांसाठी डोक्यापासून घोट्यापर्यंतचा, हलक्या पॉलिएस्टरचा पोहण्याचा पोशाख तयार केला. त्यावरून युरोपात पुढे जो गदारोळ उठला तो बाजूला ठेवून केवळ उन्हाच्या दृष्टीने पाहिले तर त्याच्याइतका निर्दोष पोशाख क्वचितच सापडेल. धर्म कोणताही असो, लांब बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंतची तंग विजार घालून कोणतीही गृहिणी निःसंकोच पाण्यात उतरू शकते.

मलमांचा विचार या पुस्तिकेत जाणूनबुजून थोडक्यात आटोपला आहे. चेहरा, कान, पावलांच्या पाठी यांना मलम हवेच. पण जेथे कापड पुरते तेथे कापडच वापरावे, कारण ते पाण्याने धुऊन जात नाही, दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही, आणि समुद्रात विरघळत नाही. शेवटचा मुद्दा आपल्याला दूरचा वाटू नये. काही मलमांतील ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये प्रवाळांना अपायकारक असल्याच्या कारणावरून हवाई राज्याने २०२१ च्या आरंभापासून त्यांच्या विक्रीस मनाई केली. आणि १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, जे प्रवाळ पाहण्यासाठी हजारो लोक पाण्यात उतरतात, ते प्रवाळ हवाईच्या प्रवाळांहून अधिक कणखर असल्याचे मानण्यास आधार नाही.

राहता राहिला भाड्याच्या कपड्यांचा प्रश्न, कारण वर्षातून एकदा समुद्रावर येणारा मनुष्य रॅश गार्ड विकत घेण्यापेक्षा किनाऱ्यावरच्या टपरीत मिळेल तो घालतो. अशा कपड्याने कितीतरी हंगाम पाहिलेले असतात. मिठाने आणि उन्हाने त्याचा लवचिक धागा मेलेला असतो, आणि कोपर, खांदे व बूड येथे वीण विरविरीत झालेली असते. तो घेताना मालकाशी भावाची घासाघीस करण्याआधी खांद्याचा भाग दोन्ही हातांनी किंचित ताणून आकाशाच्या उजेडापुढे धरावा. पलीकडची बोटे स्पष्ट दिसली तर कपडा नम्रपणे परत करून आपलाच जुना, पूर्ण बाह्यांचा टेरिकॉटचा सदरा वर तरंगजाकीट चढवून वापरावा. घरी आल्यावर स्वतःचा कपडा असेल तर तो गोड्या पाण्यात खळबळून, न पिळता, सावलीत वाळत घालावा; दोरीवर उन्हात टाकलेला कपडा दोन हंगामांत रंग आणि ताण दोन्ही गमावतो. लहान मुलांचे कपडे मात्र वाढत्या अंगाच्या हिशेबाने मोठे घेऊ नयेत. सैल गळ्यातून खांदा उघडा पडतो, आणि मुलाचा खांदा सर्वांत आधी भाजतो.